अन्ननलिकेतील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते

नंदुरबार - भाकरीचा घास गिळला, की तो छातीच्या मध्यभागी अडकल्यासारखा वाटतो. वर पाण्याचा घोट घेतला, की हळूहळू खाली सरकतो. सुरवातीला महिन्यातून एखाद्या वेळी होणारा हा त्रास पुढे आठवड्यातून दोन-तीनदा होऊ लागतो. मग भाकरी वरणात कुस्करून खाल्ली जाते, जेवायला इतरांपेक्षा दुप्पट वेळ लागतो, आणि घरातील माणसे 'पित्त झाले असेल' म्हणून विषय सोडून देतात. ही तक्रार घेऊन रुग्ण डॉक्टरांकडे पोचतो तेव्हा अनेकदा वर्ष-दोन वर्षे उलटून गेलेली असतात.

तपासणीत अन्ननलिकेत गाठ असल्याचे दिसले, की रुग्णाच्या आणि नातेवाइकांच्या मनात एकच शब्द येतो - कर्करोग. ही भीती निराधार नाही. अन्ननलिकेत आढळणाऱ्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्याच असतात. मात्र शंभरात एखाद्या किंवा त्याहूनही कमी रुग्णांमध्ये ही गाठ साधी, म्हणजे शरीरात अन्यत्र न पसरणारी असते. अशा साध्या गाठींपैकी सुमारे दोन-तृतीयांश गाठी 'लायोमायोमा' या प्रकारच्या असतात. या दुर्मिळ गाठीचे निदान अचूक झाले, तर रुग्णाची अन्ननलिका शाबूत ठेवून केवळ गाठ सोलून काढता येते. निदान चुकले, तर एक तर गरज नसताना मोठी शस्त्रक्रिया होण्याचा धोका असतो, किंवा साधी गाठ समजून खऱ्या कर्करोगाकडे दुर्लक्ष होण्याचा. त्यामुळे या आजारात शस्त्रक्रियेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व निदानाला आहे.

स्नायूंच्या भिंतीतील गाठ

अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची, घशापासून जठरापर्यंत जाणारी स्नायूंची नळी आहे. मानेतून उतरून ती छातीत श्वासनलिका व हृदयाच्या मागून, पाठीच्या कण्यालगत जाते आणि श्वासपटलातील छिद्रातून पोटात शिरते. तिच्या भिंतीला थर असतात. सर्वांत आत अन्नाच्या संपर्कात येणारे नाजूक अस्तर, त्याखाली रक्तवाहिन्यांचा सैल थर, त्याबाहेर स्नायूंचे दोन थर आणि सर्वांत बाहेर विरळ ऊतींचे आवरण. स्नायूंच्या आतील थराचे तंतू वर्तुळाकार, तर बाहेरील थराचे तंतू उभे असतात. घास पुढे ढकलण्याचे काम हेच स्नायू करतात.

कर्करोग साधारणपणे आतील अस्तरात सुरू होतो. तेथे जखम होते, पृष्ठभाग खडबडीत होतो, रक्त येते आणि नंतर तो भिंत पोखरत बाहेर पसरतो. लायोमायोमाची सुरवात मात्र स्नायूंच्या थरात होते. तेथील पेशी वाढून एक घट्ट, गुळगुळीत, वेष्टन असलेली गाठ तयार होते. तिच्यावरचे आतील अस्तर ताणले जाते. पण फाटत नाही. हा एकच फरक निदानाच्या आणि उपचाराच्या प्रत्येक टप्प्यावर निर्णायक ठरतो.

ही गाठ प्रामुख्याने वयाच्या विशीपासून पन्नाशीपर्यंत आढळते. स्त्रियांच्या तुलनेत पुरुषांमध्ये तिचे प्रमाण अधिक आहे. अन्ननलिकेच्या वरच्या भागात वेगळ्या प्रकारचे, ऐच्छिक स्नायू असल्याने तेथे ती क्वचितच होते; मधल्या व खालच्या भागात अधिक सापडते. तिची वाढ अत्यंत संथ असते, आणि तिचे कर्करोगात रूपांतर होणे जवळजवळ अपवादात्मक मानले जाते. निम्म्याच्या आसपास रुग्णांना तर काहीच त्रास होत नाही. अन्य कारणासाठी केलेल्या तपासणीत ती योगायोगाने दिसते.

त्रास होतो तेव्हा घास अडकणे, छातीच्या हाडामागे दुखणे किंवा दडपण जाणवणे, जळजळ होणे ही लक्षणे असतात. कर्करोगात घास अडकण्याचा त्रास काही आठवड्यांत वा महिन्यांत वेगाने वाढतो, आधी भाकरी, मग भात, मग पाणीही उतरेनासे होते आणि वजन झपाट्याने घटते. लायोमायोमात हाच त्रास वर्षानुवर्षे रेंगाळतो आणि वजन सहसा टिकून राहते. मात्र या फरकावरून घरच्या घरी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. तंबाखू, मिश्री, विडी वा दारूचे व्यसन असलेल्या आणि चाळिशी ओलांडलेल्या व्यक्तीचा घास अडकू लागला, तर तपासणी होईपर्यंत तो कर्करोगाचा संशयित रुग्ण मानणेच योग्य ठरते.

तपासण्यांचा क्रम महत्त्वाचा

या आजाराच्या निदानात कोणती तपासणी आधी आणि कोणती नंतर, याला मोठे महत्त्व आहे. पहिली सोपी व स्वस्त तपासणी म्हणजे बेरियमचा एक्स-रे. रुग्णाला खडूच्या पाण्यासारखे दिसणारे बेरियमचे पांढरे द्रावण गिळायला लावून एक्स-रे काढले जातात. कर्करोगात नळीची कडा कुरतडल्यासारखी वेडीवाकडी दिसते. लायोमायोमात मात्र एका बाजूने अर्धचंद्राच्या आकाराचा, गुळगुळीत कडेचा दाब दिसतो. 'अकॅलेशिया' या तिसऱ्या आजारात गाठ नसतेच. अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप सैल पडत नाही, त्यामुळे नळी खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती झालेली दिसते. या आजारात बहुधा सुरवातीपासूनच घन पदार्थांबरोबर पाणीही अडकते.

दुसरी तपासणी दुर्बिणीची, म्हणजे एंडोस्कोपी. तोंडातून लवचिक नळी घालून आतील अस्तर प्रत्यक्ष पाहिले जाते. लायोमायोमा असल्यास अस्तर गुलाबी, चकचकीत आणि अखंड दिसते. फक्त एका ठिकाणी ते आतून फुगवल्यासारखे उचललेले असते. दुर्बीण त्या फुगवट्याजवळून फारशी अडथळ्याविना खाली जाते. दुर्बिणीच्या टोकाने हलकेच ढकलले, तर गाठ अस्तराखाली सरकल्यासारखी भासते.

येथेच डॉक्टरांच्या संयमाची परीक्षा असते. गाठ दिसली, की चिमट्याने तिचा तुकडा काढून तपासायला पाठवावा, हा वैद्यकातील सर्वसाधारण नियम. अस्तरावर जखम किंवा खडबडीतपणा दिसत असेल तर तो पाळायलाच हवा. पण अस्तर पूर्णपणे निरोगी असेल, तर नेहमीच्या चिमट्याने तुकडा काढणे टाळावे, असा शल्यचिकित्सेतील प्रस्थापित संकेत आहे. कारण एक तर चिमट्यात फक्त वरचे निरोगी अस्तर येते आणि खालच्या गाठीचा पत्ताच लागत नाही. दुसरे म्हणजे, त्या जागी जखम भरताना अस्तर गाठीला चिकटते. पुढे शस्त्रक्रियेत गाठ अस्तरापासून सोलताना नेमक्या त्याच ठिकाणी अस्तर फाटण्याची भीती राहते. 'तुकडा का काढला नाही,' असा प्रश्न नातेवाईक अनेकदा विचारतात. या विशिष्ट परिस्थितीत तो न काढणे हा निष्काळजीपणा नसून उपचाराचाच भाग असतो.

मग खात्री कशी करायची? त्यासाठी एंडोसोनोग्राफी हे सर्वांत उपयुक्त साधन आहे. दुर्बिणीच्या टोकावरच सोनोग्राफीचे छोटे यंत्र बसविलेले असते. अन्ननलिकेच्या आतूनच भिंतीचे थर एकाखाली एक, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसारखे दिसतात. लायोमायोमा बहुधा चौथ्या, म्हणजे स्नायूंच्या थरात, एकजिनसी काळसर व रेखीव कडेच्या गोळ्यासारखा दिसतो. गाठीची कडा अस्पष्ट असेल, ती वेगाने वाढत असेल किंवा अन्य शंका असेल, तर याच यंत्राच्या मार्गदर्शनाखाली बारीक सुईने गाठीच्या आतला नमुना घेतला जातो. छातीचा सीटी स्कॅनही आवश्यक असतो. गाठ किती मोठी आहे, श्वासनलिका व महारोहिणीशी तिचे नाते काय, आजूबाजूला वाढलेल्या लसिकाग्रंथी आहेत काय, याची उत्तरे त्यातून मिळतात.

क्षयरोगाचीही शक्यता

लसिकाग्रंथींचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. पाश्चात्त्य देशांतील पाठ्यपुस्तकांत ज्याला फारसे स्थान नसते, तो क्षयरोग भारतात अद्याप मोठ्या प्रमाणावर आहे. छातीच्या मध्यभागातील ग्रंथी क्षयरोगाने सुजल्या, की त्या अन्ननलिकेवर बाहेरून दाब देतात. दुर्बिणीतून पाहिल्यास निरोगी अस्तराखालचा हुबेहूब तसाच फुगवटा दिसतो. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेची नव्हे, तर क्षयरोगावरील औषधांच्या पूर्ण कालावधीच्या उपचारांची गरज असते. गाठ भिंतीतील आहे की भिंतीबाहेरील, हे एंडोसोनोग्राफी व सीटी स्कॅन यांतून स्पष्ट होते. हा भेद न करता थेट छाती उघडणे रुग्णावर अन्याय करणारे ठरू शकते.

आणखी एक सावधगिरी 'जिस्ट' या गाठीबाबत बाळगावी लागते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींच्या पेशी लांबट, चातीसारख्या दिसतात. त्यामुळे पूर्वी पचनमार्गातील अशा बहुतेक गाठींना सरसकट लायोमायोमा म्हटले जाई. १९९८ मध्ये जपानी संशोधक हिरोटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिस्टमधील 'किट' या जनुकातील बिघाड दाखवून दिला आणि दोन्ही गाठी वेगळ्या असल्याचे स्पष्ट झाले. आज विशेष रंजक चाचण्यांनी त्या ओळखल्या जातात. 'सीडी ११७' ही चाचणी होकारार्थी आली, तर गाठ जिस्ट असण्याची शक्यता दाट असते; डेस्मिन व ॲक्टिन या स्नायूंच्या खुणा सापडल्या, तर लायोमायोमा. जठरात जिस्ट अधिक आढळतो, तर अन्ननलिकेत नेमके उलट, म्हणजे लायोमायोमाचे प्रमाण अधिक असते. जिस्टमध्ये गाठ पसरण्याची शक्यता असल्याने शस्त्रक्रियेचे नियोजन वेगळे करावे लागते आणि काही रुग्णांना इमॅटिनिब हे औषधही द्यावे लागते.

नळी काढायची, की गाठ सोलायची?

छातीतील अन्ननलिकेवर शस्त्रक्रिया करणे विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत जवळजवळ अशक्य मानले जात होते. १९१३ मध्ये न्यूयॉर्क येथे डॉ. फ्रान्झ टोरेक यांनी कर्करोगग्रस्त अन्ननलिका छातीतून यशस्वीपणे काढली. ती रुग्ण महिला त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ जगली. मात्र अन्न जठरात पोचविण्यासाठी तिला शरीराबाहेरून बसविलेल्या रबरी नळीचा आधार घ्यावा लागला. लायोमायोमासाठी १९३२ मध्ये जर्मन शल्यविशारद सॉअरब्रुख यांनी अन्ननलिकेचा भाग जठराच्या भागासह काढला. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, जपानमधील ओसावा यांनी अन्ननलिका न कापता केवळ गाठ सोलून काढली. आज जगभर स्वीकारला गेलेला मार्ग तोच आहे.

संपूर्ण भूल दिल्यानंतर, गाठीच्या जागेनुसार छातीच्या उजव्या वा डाव्या बाजूने शस्त्रक्रिया केली जाते. त्या बाजूचे फुफ्फुस काही काळ श्वासाविना ठेवून आकुंचित केले जाते, म्हणजे मागे दडलेली अन्ननलिका दिसू लागते. तिच्यावरील पातळ पडदा उघडून गाठीची जागा निश्चित करतात. नेमकी जागा सापडत नसेल, तर तोंडातून दुर्बीण घालून तिच्या प्रकाशाची मदत घेतली जाते. मग स्नायूंचे तंतू आडवे न छेदता उभे विलग करतात. पांढुरकी, रबरासारखी घट्ट गाठ दिसू लागते. तिला टाका घालून हलकेच वर उचलून धरतात आणि पेरूची बी गरातून सोडवावी, तसे सर्व बाजूंनी तिला स्नायूंपासून व आतील अस्तरापासून सोडवतात. अन्ननलिकेलगत जाणारी व्हेगस ही मज्जातंतूंची जोडी जपावी लागते. तिला इजा झाल्यास पुढे जठर वेळेवर रिकामे न होण्याचा त्रास होऊ शकतो.

गाठ निघाल्यानंतर शस्त्रक्रिया संपत नाही. अस्तराला सूक्ष्म छिद्र पडले नाही ना, हे पाहण्यासाठी तो भाग पाण्याखाली ठेवून दुर्बिणीतून हवा सोडली जाते. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधण्याचीच ही रीत. बुडबुडे आले, तर छिद्र तेथल्या तेथे टाके घालून बंद केले जाते. त्यानंतर विलग केलेले स्नायू पुन्हा जुळवतात. तसे न केल्यास उघड्या राहिलेल्या अस्तराला पुढे पिशवीसारखा फुगा येऊ शकतो. छिद्र नजरेतून सुटले, तर लाळ व अन्न छातीत झिरपून जीवघेणा जंतुसंसर्ग होतो. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर अनेक ठिकाणी क्ष-किरणात दिसणारे द्रावण गिळायला देऊन गळती नसल्याची खात्री केली जाते आणि मगच रुग्णाला पाणी, पातळ पदार्थ आणि मऊ अन्न या क्रमाने आहार सुरू केला जातो.

पूर्वी यासाठी बरगड्यांमधून मोठा छेद घ्यावा लागे. १९९२ मध्ये इंग्लंडमधील शल्यविशारदांनी छातीत दुर्बीण घालून लायोमायोमा काढल्याचे प्रसिद्ध केले आणि लहान छिद्रांतून होणारी ही शस्त्रक्रिया रूढ होत गेली. कोइमतूरचे डॉ. सी. पलनिवेलू यांनी रुग्णाला पालथे झोपवून अन्ननलिकेच्या कर्करोगाची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करण्याच्या पद्धतीचा १३० रुग्णांवरील अनुभव २००६ मध्ये मांडला. रुग्ण पालथा असला, की फुफ्फुस आपल्याच वजनाने पुढे झुकते आणि अन्ननलिका मोकळी दिसते. हीच पद्धत लायोमायोमासाठीही वापरता येते. गाठ जठराच्या तोंडाशी असेल, तर छाती न उघडता पोटातून दुर्बिणीने ती काढता येते.

अलीकडे आणखी एक पाऊल पुढे पडले आहे. जपानचे डॉ. हारुहिरो इनोऊ यांनी अकॅलेशियासाठी २००८ मध्ये अन्ननलिकेच्या अस्तराखालून बोगदा करून आतील स्नायू छेदण्याची पद्धत सुरू केली. तोच बोगदा वापरून चीनमधील डॉक्टरांनी स्नायूंच्या थरातील लहान गाठी तोंडावाटे काढण्यास प्रारंभ केला. बाहेर एकही छेद नसतो. मात्र गाठ मोठी असेल, तर ती बोगद्यातून व घशातून अखंड बाहेर काढणे कठीण होते. त्यामुळे हे तंत्र साधारणपणे चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींपुरते आणि अनुभवी हातांपुरते मर्यादित आहे.

गाठ फार मोठी असेल, नळीभोवती कड्यासारखी वेढलेली असेल किंवा अस्तराची दुरुस्ती होण्यापलीकडे हानी झाली असेल, तर अन्ननलिकेचा भाग काढून जठर वर ओढून जोडण्यावाचून पर्याय उरत नाही. ही शस्त्रक्रिया मोठी असून तिच्यानंतर आयुष्यभर थोडे-थोडे खाणे, जेवणानंतर लगेच आडवे न होणे अशी पथ्ये पाळावी लागतात. याउलट गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असेल आणि कोणताही त्रास नसेल, तर शस्त्रक्रिया न करता ठराविक काळाने एंडोसोनोग्राफी करून लक्ष ठेवणे पुरेसे ठरते.

अंतर किलोमीटरचे आणि माहितीचेही

हे सारे वैद्यकशास्त्र नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात पाहिले, की प्रश्नाचे दुसरे रूप समोर येते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आदिवासीबहुल असून २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील दर शंभरपैकी सुमारे ६९ नागरिक अनुसूचित जमातींचे आहेत. अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत सातपुड्याच्या रांगांतील पाड्यांवरून रुग्णाला आजही कित्येकदा बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. अशा ठिकाणी घास अडकण्याची तक्रार ताप वा सर्पदंशाइतकी तातडीची वाटत नाही, आणि ती मागे पडत जाते. ऊसतोडीसाठी वा अन्य मजुरीसाठी गुजरातेत स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत तर एका गावी सुरू झालेली तपासणी दुसऱ्या गावी अर्धवट राहते.

जिल्ह्याच्या ठिकाणी २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही जमेची बाजू आहे. मात्र एंडोसोनोग्राफी, छातीतील दुर्बिणीची शस्त्रक्रिया व तिला लागणारी विशेष भूल या गोष्टी प्रामुख्याने मोठ्या शहरांतील रुग्णालयांतच मिळतात. नंदुरबारच्या रुग्णासाठी ताप्ती खोऱ्यातील रेल्वेमार्गाने सुमारे १६० किलोमीटरवरील सुरत हे मुंबईपेक्षा जवळचे शहर. कर्करोगाचा संशय असल्यास मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयाचा मार्ग धरला जातो. राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. योजनेत आपला उपचार बसतो काय आणि कोणत्या रुग्णालयात मिळेल, याची चौकशी घर सोडण्यापूर्वीच संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करणे हिताचे ठरते.

दूरच्या प्रवासाला निघताना बेरियमच्या एक्स-रेची फिल्म, दुर्बीण तपासणीचा अहवाल व छायाचित्रे, सीटी स्कॅनची सीडी आणि पूर्वी तुकडा काढला असल्यास त्याची तारीख व अहवाल सोबत असणे अत्यावश्यक आहे. पूर्वी तुकडा काढल्याची माहिती शल्यचिकित्सकापासून राहून गेली, तर गाठ सोलताना अस्तर कोठे चिकटले असेल याचा त्याला अंदाज येत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद शस्त्रक्रियेच्या टेबलावर निर्णायक ठरू शकतो.

अन्ननलिकेतील गाठ साधी निघावी, ही नशिबाची बाब आहे. ती साधी आहे हे वेळेत कळणे मात्र नशिबावर सोडण्याचे कारण नाही. दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ घास अडकत असेल, तर बेरियमचा एक्स-रे किंवा दुर्बीण तपासणी करून घेण्याचा सल्ला प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांपासून गावातील आशा कार्यकर्तीपर्यंत सर्वांनी द्यायला हवा. कर्करोग असेल तर तो लवकर सापडेल, आणि लायोमायोमा असेल तर एका गाठीपायी रुग्णाला आपली अन्ननलिका गमवावी लागणार नाही.